पुट्टीखालचे टाके

१२ फेब्रुवारी

दादा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच फेकशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या गॅरेजवाल्याकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. फोन करून उपयोग नाही हे मला कळलंय. तू उचलत नाहीस आणि उचललास तरी चुकून डाव्या कानाला लावशील.

परवा सकाळी बँकेचा एक किडकिडीत माणूस वर्कशॉपच्या शटरवर नोटीस चिकटवायला आला. हातात खळीचा डबा, काखेत कागद. बाबा गेटची फ्रेम घासत होते. त्यांनी ग्राइंडर बंद केला, शांतपणे खाली ठेवला, आणि तो शांतपणा बघूनच मी उठले. पण उशीर झाला होता. त्यांनी त्याचं मानगूट धरून तोंड खळीत बुडवलं, नोटिशीचा बोळा केला आणि त्याच्या दातांत कोंबला. "आणलायस तू, तर गिळ पण तूच," म्हणाले. तो गुदमरायला लागला तेव्हा मी बाबांना पट्ट्याला धरून मागे ओढलं. त्याचा पुढचा दात पडला. तो पळाला, त्याची एक चप्पल मागे राहिली, आणि बाबांनी ती कटिंग मशीनवर ठेवून तिचे दोन तुकडे केले. मग पुन्हा गेट घासायला लागले.

नोटिशीची दुसरी प्रत पोस्टाने आली, ती मी बाबांच्या आधी गाठली. हप्ते थकलेत, म्हणून बँकेला आता हप्ता नको, सगळं कर्ज हवंय. दोन महिन्यांत द्या, नाहीतर खालचं वर्कशॉप आणि वरचं घर दोन्ही ताब्यात घेऊ. नोटिशीवर नावं दोन आहेत, बाबांचं आणि तुझं. घर तुम्हा दोघांच्या नावावर, कर्जावर सह्याही तुमच्याच. पत्रा वाकवायचं ते मशीन आणायचं म्हणून तुम्ही दोघं नवे शर्ट घालून बँकेत गेला होतात, आठवतंय? मी आणि आई खाली मशीनसाठी जागा झाडत होतो.

मशीन अजून तिथेच आहे. तू गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नाही. बाबा मात्र चिडले की त्याला हातोडा घालतात.

एकदा येऊन जा. बाबांसाठी नको, आईसाठी ये.

तुझी ठिणगी


३ मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. "जळू दे ते घर." चार शब्दांसाठी एवढं मोठं पाकीट कशाला वापरलंस? मी ते आईला दाखवलं नाही. तुझं पत्र आलंय म्हणून ती पदर सावरून बसली होती, तर मी म्हटलं, विम्याची जाहिरात आहे.

तुझा राग मला कळतो. त्यांनी लोखंडी पाना पकडलेल्या हाताने तुझ्या कानफटात मारलं तेव्हा मी तिथेच होते. कानातून आलेलं रक्त मी पुसलंय. पण तू बाहेर पडलास आणि आम्ही दोघी आतच राहिलो, हेही तेवढंच खरं आहे.

आता वसुलीवाले यायला लागलेत. बँकेने ते काम एका एजन्सीला दिलंय. दोघं असतात, एक जाडा आणि एक गॉगल. जाडा जिन्यात बसून राहतो आणि आई खाली उतरली की पाय आडवा टाकतो. गेल्या आठवड्यात ती अडखळून पाच पायऱ्या गडगडली. कोपरं सोलली, आणि गॉगल हसून म्हणाला, "मावशी, आत्ताच सवय करून ठेवा, पुढे फुटपाथवरच पडायचंय."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बाबा घरी नव्हते, नाहीतर त्यांनी खून केला असता. मी खाली गेले, ग्राइंडरची वायर ओढून रस्त्यापर्यंत आणली आणि गॉगलच्या बाइकचं हॅंडल कापलं. सरळ, एका दमात. तो धावून आला तेव्हा फिरती चकती त्याच्या पोटासमोर धरली. त्याच्या शर्टाचं एक बटण उडालं. आणखी बोटभर पुढे गेले असते तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं, आणि तरी मी चकती मागे घेतली नाही.

म्हणजे मीही त्यांचीच मुलगी. हे तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार?

ते पुन्हा आले नाहीत, पण पोलिसांचं बोलावणं आलं. गॅरेजवाल्याने मध्ये पडून मिटवलं. त्याने हॅंडलही आपल्या खर्चाने बसवून दिलं आणि वर मला म्हणाला, "कट एकदम सरळ आहे हं." भला माणूस आहे.

ठिणगी


१९ मार्च

दादा,

हे पत्र जरा कामाचं आहे. चहा घे आणि बस.

मी एका वकीलबाईंकडे गेले होते. त्यांच्या ऑफिसच्या खिडक्यांचे ग्रिल मी बसवलेत, त्या ओळखीवर त्यांनी तासभर फुकट समजावून सांगितलं. मला वाटायचं बँकेने नोटीस काढली की खेळ खलास. तसं नसतं. बाई म्हणाल्या, घर बँकेच्या घशात जाईपर्यंत बऱ्याच पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर थांबता येतं, फक्त तिथे तोंड दाखवावं लागतं. सगळे हप्ते भरून टाकले तर कटकट मिटते. त्यावर मी हसले, त्याही हसल्या. बँकेकडे जाऊन हप्ता लहान करून मागता येतो, मुदत वाढवून मिळते. पण ते पहिले एक-दोन हप्ते चुकले तेव्हाच करायचं असतं, त्यांच्या माणसाचा दात पाडल्यावर नाही. बँकेशी तडजोडही होते, बँक काही रक्कम सोडून देते, मात्र उरलेली एकगठ्ठा टेबलावर ठेवावी लागते. न्यायाधिकरणात दाद मागता येते, पण बँकेने कुठे नियम मोडला असेल तर. बाईंनी कागद उलटेपालटे करून बघितले. बँकेने काही म्हणता काही चुकवलेलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक आहे का कुणी?"

लिलावाची जाहिरात निघायच्या आत आपण स्वतः घर विकू शकतो. बँकेला सांगून, तिच्या संमतीने. बँक आपलं देणं कापून घेते आणि उरेल ते आपलं. लिलावात हेच घर पाण्याच्या भावाने जाईल. तरी कर्ज फिटलं नाही तर बँक उरलेल्यासाठी मागे लागेल. कुणाच्या? ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्या. म्हणजे घर जळालं तरी तुझ्या डोक्यावरचं कर्ज काही जळत नाही, दादा.

गिऱ्हाईक आहे. गॅरेजवाला. त्याला जागा वाढवायचीच आहे आणि भाव रास्त देतोय. कर्ज फिटून आईला कुठेतरी दोन खोल्या येतील आणि मला एक छोटी शेड भाड्याने घेता येईल. फक्त सह्या दोन लागतात, बाबांची आणि तुझी. एकाची असून चालत नाही.

हे मी बाबांना जेवताना सांगितलं. ती वेळ चुकली. त्यांनी ताट भिंतीवर भिरकावलं. "माझं घर विकणारी तू कोण?" म्हणून माझ्या अंगावर आले. आई मधे उभी राहिली, फक्त उभी राहिली. त्यांनी तिला ढकललं आणि तिचं कपाळ खिडकीच्या ग्रिलवर आपटलं. तेच ते नक्षीचं ग्रिल, त्यांनी लग्नानंतर तिच्यासाठी केलेलं. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि ती खाली बसून सांडलेलं अन्न गोळा करत होती. बाबा खुर्चीत बसून रडायला लागले. मला त्या रडण्याचीच जास्त किळस आली.

सही करशील का? यायला नको, तुझ्या गावातल्या वकिलाकडून मुखत्यारपत्र करून पाठवलंस तरी चालेल. हो की नाही एवढंच कळव.

ठिणगी


११ एप्रिल

दादा,

तू कळवलंस, "त्याला एका पैशाचा फायदा होईल अशा कुठल्याही कागदावर मी सही करणार नाही. त्याला रस्त्यावर आलेला बघायचाय मला." वाचून मी कागद खिशात घातला आणि दिवसभर त्याच खिशात हात घालून फिरले. रस्त्यावर ते एकटे येणार नाहीत. पण हे तुला दहादा सांगून झालंय.

मुदत संपली. उद्या बँकेचा साहेब ताबा घ्यायला येतोय, सोबत पोलीस आणि कुलूपवाला. कुलूपवाला म्हणजे आपलाच चौकातला म्हातारा, लहानपणी आपल्याला जुन्या किल्ल्या खेळायला द्यायचा तो. बँक त्याला बोलावते, त्याचा धंदाच आहे. काल येऊन मला हळूच सांगून गेला, "पोरी, तुझ्या बापाला आवर. मला माझी हाडं जपायची आहेत."

बाबांनी ठरवलंय की दार उघडायचंच नाही. जिन्याच्या वरचं लोखंडी दार आतून वेल्ड करायचं. दाराला आडव्या तीन जाड लोखंडी पट्ट्या, म्हणजे चॅनल, दोन्हीकडे चौकटीला जोडलेले. आई आणि मी पण आत. ते पहार घेऊन दाराशी बसणार. "पहिला जो पाय टाकेल त्याचा पाय इथेच राहील," म्हणतात. आणि ते खोटं बोलत नाहीत, हे तुझ्या कानाला माहीत आहे.

तुला एक गोष्ट माहीत नसेल. त्यांना आता फारसं दिसत नाही. जन्मभर डोळ्यांना काळी काच न लावता वेल्डिंगचे टाके मारले, त्याची ही वसुली. आता काम बोटांनी चाचपून करतात आणि वेल्डिंग सगळं माझ्याकडे. म्हणून दारही मलाच वेल्ड करायला सांगितलं.

मी दुपारी केलं. पण सलग भरलं नाही. प्रत्येक टोकाला एकेक टाका मारला, नुसता सामान जागेवर धरण्यापुरता. उरलेल्या फटीत पुट्टी भरली, घासली आणि वरून लाल प्रायमर फासला. हलकट फॅब्रिकेटर करतात तसं. अशा कामावरून त्यांनी एका कारागिराला वर्कशॉपच्या पायऱ्यांवरून फेकून दिलं होतं, तुला आठवत असेल. त्यांनी प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "छान. हत्ती आला तरी हलणार नाही." खूप दिवसांनी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दोन माणसांनी खांदा लावला की दार सुटेल. त्यांना पहार उचलायला वेळच मिळणार नाही, बावचळतील आणि पोलीस त्यांना धरतील. कुणाला काही लागणार नाही. असा माझा हिशोब आहे.

हे पत्र आता खिडकीतून गॅरेजवाल्याच्या पोराकडे टाकते.

ठिणगी


१६ एप्रिल

दादा,

अक्षराकडे बघू नकोस. डाव्या हाताने लिहितेय.

बँकेने ताबा घेतला. आई आणि मी गॅरेजवाल्याच्या मागच्या खोलीत आहोत. बाबा सरकारी दवाखान्यात, पोलिसांच्या पहाऱ्यात. पडल्यामुळे त्यांचा उजवा हात मोडलाय. माझंही थोडं लागलंय, काळजीचं काही नाही. आई बरी आहे.

वकीलबाई म्हणतात ताबा गेला म्हणजे घर गेलं असं नाही. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत अजून विकता येतं.

जास्त लिहवत नाही.


२ मे

दादा,

या वेळी तुझं पत्र लांब होतं. म्हणजे तीन ओळींचं. "हात कुणी मोडला? तुझा आणि त्याचा. पडून मोडला वगैरे मला सांगू नकोस, मी त्याच घरात वाढलोय."

मी आईला विचारलं, दादाला खरं लिहू का? ती म्हणाली, "लिही. लपवून काय मिळालं इतकी वर्षं?"

तर ऐक. बाबा दाराकडे तोंड करून बसतील असं मी धरून चालले होते. ते पाठ टेकून बसले. दिसत नाही ना, मग दार हललं तर पाठीला कळेल, असा त्यांचा विचार. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाहेरून साहेबाने तीनदा हाक मारली. मग पोलिसांनी खांदा लावला आणि पहिल्याच धक्क्याला सगळे टाके तुटले. चॅनल, दार आणि बाबा, एकदमच आत आले. एक चॅनल त्यांच्या डोक्यात बसला. आणि दाराबरोबर तोल जाऊन आत कोसळला तो कुलूपवाला म्हातारा, कारण बिचारा कुलपाशी वाकून उभा होता.

बाबा उठले ते माणूस राहिले नव्हते. तोंडावर रक्त, डोळ्यांना दिसत नाही, हातात पहार. म्हातारा रांगत होता. त्यांनी त्याच्या आवाजाच्या रोखाने पहार उगारली आणि मी हात मधे घातला. मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. दोन्ही हाडं. दुसरा घाव म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसला. पोलीस दारात अडकले होते, पायात चॅनल येत होते. बाबांनी तिसऱ्यांदा पहार उचलली. या वेळी खाली मी होते. मी ओरडले, "बाबा, मी आहे." त्यांनी ऐकलं. त्यांनी ऐकलं हे मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. तरी त्यांनी पहार बाजूला घेतली नाही, ती माझ्यावर उगारलेलीच राहिली.

आणि आईने हातोडा मारला.

भिंतीशी अवजारांची पेटी होती, त्यातला तिने उचलला. जन्मात तिने कुणावर हात उगारला नाही. तिने दोन्ही हातांनी धरून त्यांच्या मनगटावर घातला. पहार पडली. तरी तिने पुन्हा मारला, त्याच जागी. "पोरगी आहे ती," एवढंच म्हणत होती, प्रत्येक घावाला. पोलिसांनी तिच्या हातातून हातोडा काढून घेतला तेव्हा ती त्यांना म्हणाली, "लागेल तुम्हाला, जपून."

पोलिसांनी लिहून घेतलं की झटापटीत पडून बाबांचा हात मोडला. म्हाताऱ्यानेही तीच साक्ष दिली. त्याचा खांदा आता वर होत नाही. त्याच्या उपचाराचे पैसे मी फेडणार आहे, त्याच्या दुकानाचं शटर रोज उघडणं-लावणंही आता जन्मभर माझ्याकडे.

काल मी दवाखान्यात गेले. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यांचाही उजवाच. नर्स म्हणाली, "बापलेक दिसताय अगदी." मी विक्रीचे कागद आणि त्यांच्या वतीने करायचं मुखत्यारपत्र पलंगावर ठेवलं. विनवणी करणार नाही असं ठरवून गेले होते. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि माझं प्लास्टर मनगटापासून कोपरापर्यंत चाचपलं, जोड तपासतात तसं.

"टाके मारले होतेस," म्हणाले.

"हो."

"आणि वरून पुट्टी."

"हो."

मला वाटलं आता डाव्या हाताने एक ठेवून देतील. खरंच वाटलं, मी मान मागे घेतली. त्यांना ते कळलं. डोळ्यांना दिसत नसलं तरी कळलं. त्यांचा हात हवेतच राहिला.

"भरीव वेल्ड केलं असतंस तर पोलिसांनी दार कापलं असतं," ते म्हणाले. "तासभर गेला असता. तेवढ्यात मी तुम्हा दोघींचं काय केलं असतं कुणास ठाऊक." मग म्हणाले, "कुठे लावायचा अंगठा, तिथे धर."

मी धरला. त्यांच्या अंगठ्याला शाई मी लावली. मी त्यांना माफ केलेलं नाही, दादा. तू कर असंही म्हणत नाही. त्यांना शिक्षा होईल, वकीलबाई म्हणाल्या वर्ष-दीड वर्ष तरी. सुटून आल्यावर ते आमच्याकडे राहणार नाहीत. हे मी तिथेच त्यांना सांगितलं आणि ते "बरं" म्हणाले. विक्रीतून उरेल ते आईच्या नावावर जाईल, तसं कागदावर लिहून घेतलंय. त्यांना एक पैसाही मिळणार नाही. तुझी अट होती ना?

आता फक्त तुझी सही राहिली. लिलावाची जाहिरात महिनाअखेरीला निघणार आहे. आम्ही पंचवीस तारखेला सकाळी नोंदणी कार्यालयात असू. गॅरेजवाला पैसे घेऊन येईल, बँकेचा साहेब येईल, वकीलबाई येतील. तू नाही आलास तर सगळे आपापल्या घरी जातील आणि आम्ही दोघी तिथून कुठे जायचं ते तेव्हा बघू.

आईने निरोप सांगितलाय. ती म्हणते, बाकावर ती तुझ्या उजव्या बाजूला बसेल, तुला ऐकू येतं त्या बाजूला.

ठिणगी